शिसमवरच्या चौकड्या

संपादकांनी मला नेरच्या वाढईकामावर लिहायला पाठवलं होतं. वखर, डवरे, तिफणी आता लोखंडाच्या आल्या. लाकडात हात घातलेल्या माणसांकडे उरलं काय, एवढाच प्रश्न होता. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात मी कुऱ्हाडीचे दांडे बघायला एका वाढईकाकांच्या छपरीत शिरलो, आणि त्यांच्या फळीवर ठेवलेल्या दोन छोट्या लाकडी पट्ट्यांपाशी अडकलो. रिव्हॉल्वरच्या मुठीच्या त्या डाव्या-उजव्या बाजू. त्यावर इतक्या बारीक चौकड्या कोरलेल्या होत्या की दांड्यांचा विषय मागे पडला.

पट्ट्या गावातल्याच एका परवानाधारक शेतकऱ्याच्या. त्यांच्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर आहे. हा कारखाना १९४२चा. रिव्हॉल्वरचा घाट जुन्या ब्रिटिश वेब्लीचा, सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखानाही एका कंपनीखाली गेला. इतका इतिहास पुरे. या शेतकऱ्याची अडचण साधी होती. मूठ त्यांच्या पंजाला लहान पडायची, मधलं बोट ट्रिगरच्या कड्यावर आपटायचं आणि मे महिन्यात घामानं हात सरकायचा. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनवाल्याला फ्रेमचा आकार सांगितला की अक्रोडाची, शिसमची, रबराची हवी ती मूठ विकत मिळते. कानपूरच्या रिव्हॉल्वरसाठी तसा बाजार नाही. म्हणून ते वाढईकडे आले.

आधी लाकूड ठरवायचं होतं. यवतमाळ जिल्ह्यात सागाला कोण नाही म्हणणार? काकांनी म्हटलं. "साग दरवाजाले चांगला, भाऊ. याच्यावर रेघ माराले गेलं का टोक उडते. अन् पटाशी बोथट होते ते वेगळंच." खरंच आहे. सागाची छिद्रं मोठी, एका वर्तुळात गोळा झालेली, त्यामुळे सुईच्या टोकाएवढा हिरा, म्हणजे चौकडीचा एकेक टोकदार उंचवटा, त्यात टिकत नाही. आणि लाकडात वाळूचा अंश असल्यामुळे पोलादाची धार लवकर जाते. धावडा चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्याला त्याच्यासारखं लाकूड नाही. तिवसही तसाच. पण धावडा वाळताना फाटतो, आणि पातळ पट्टीत ती चीर लपत नाही. बंदुकांच्या दस्त्यासाठी जगभर ज्याचं नाव घेतात तो अक्रोड काश्मिरातला, नेरच्या रानात नाही. राहिला काळा शिसम: घट्ट, जड, आतून तेलकट. काकांनी एका मोडलेल्या पलंगाचा खूर काढला. त्या लाकडानं घरात कित्येक उन्हाळे-पावसाळे काढले होते. जे आकसायचं ते आकसून झालं होतं. नव्या, ओल्या शिसमला त्यांनी हात लावला नाही, आणि मला वाटतं, संपूर्ण कामातला सर्वात शहाणा निर्णय तोच होता.

मग त्यांनी घडवलेलं हत्यार दाखवलं. हॅकसॉच्या पात्याचे दोन तुकडे, मध्ये पत्र्याची पट्टी, सगळं एका लाकडी मुठीत कसलेलं. एक पातं आधीच्या रेघेत बसतं, दुसरं तेवढ्याच अंतरावर नवी रेघ पाडतं. इंचाला अठरा रेघा, म्हणजे दोन रेघांत सुमारे १.४ मिलिमीटर. पहिल्या दोन रेघा मात्र हातानं आखायच्या, एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या. गोल पोटावर पोलादी पट्टी बसत नाही, म्हणून काकांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापून वापरली. हिरा रुंदीच्या तिप्पट लांब हवा असेल तर त्या दोन रेघांमधला कोन जेमतेम ३७ अंशांचा येतो. आणि हिऱ्याची लांबी लाकडाच्या धाग्याच्या दिशेनं ठेवायची, नाहीतर टोक आडवं निघून जातं.

मी तासन्‌तास बघत राहिलो ते यासाठी, की पहिल्या दोघींनंतरची प्रत्येक रेघ मागच्या रेघेच्या भरवशावर जन्मते. सातवी रेघ केसभर कललेली असली तर आठवी तिचा कल उचलते, नववी वाढवते आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर चौकड्यांची रांग वाकलेली दिसते. दुरुस्ती नाही. खरवडून पुन्हा सुरुवात करायची तर पट्टी पातळ होते. म्हणून काका आधी सगळ्या रेघा नुसत्या ओरखड्याएवढ्या मारतात, चारही बाजूंनी उजेडात धरून बघतात, मगच त्रिकोणी कानस घासून केलेल्या टोकानं खोल जातात, तेही तीन-चार फेऱ्यांत. खाच नव्वद अंशांची असेल तर ०.७ मिलिमीटर खोलीवर दोन्ही उतार वर एकत्र येतात आणि हिऱ्याला टोक फुटतं. ते टोक बोटाला टोचत नाही, पकडतं. चोवीस रेघांची जाळी दिसायला देखणी असते. पण ती वापरानं लवकर सपाट होते आणि त्यात मळ बसतो. शेतातल्या हाताला अठरा चांगल्या, सोळाही चालतील.

सगळ्यात अवघड गोष्ट अजून सांगितलेली नाही. हे काम रिव्हॉल्वर समोर नसताना झालं. १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्र बाळगायलाही परवाना लागतो आणि दुरुस्त करायलाही. काकांनी शस्त्र छपरीत आणूच दिलं नाही. मालकानंही तेच योग्य मानलं. घरी स्क्रू सोडवून त्यांनी फक्त जुन्या पट्ट्या आणल्या. आकार त्यांच्यावरून मिळाला, पण बसणी मिळाली नाही. लोखंडाच्या कडेला लाकूड कुठे टेकतं, कुठे सुटतं, हे जुन्या पट्टीवरून कळत नाही. मग मालक घरी फ्रेमच्या कडेला दिव्याची काजळी लावायचे, नवी पट्टी दाबून काढायचे आणि काळे डाग पडलेली पट्टी छपरीत आणून द्यायचे. काका डाग पडला तेवढंच खरवडायचे. पट्टी पुन्हा घरी, पुन्हा काजळी. स्क्रूचं भोक आणि खालच्या पिनेची खळगी एका रेषेत येईपर्यंत हे चाललं. त्यातच निवडणूक लागली, परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली, आणि काम जिथं होतं तिथं थांबलं.

शस्त्र परत मिळालं तोवर पावसाळा लागला होता. उन्हाळ्यात काजळीनं जुळवलेली डावी पट्टी आता फुगून कडेला अडत होती. पलंगाच्या खुराचं मुरलेलं लाकूड असूनही. काकांनी ती लगेच तासली नाही. "हिवाळ्यात पाहू, आता तासली त उन्हाळ्यात फट दिसन" म्हणाले. मला ती घाई न करण्याची हिंमत फार मोठी वाटली, कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं.

तेलाचाही घोळ झाला. जवसाचं तेल इथं घरोघर असतं, आणि लाकडाला ते चांगलंच. पण कच्चं जवस वाळायला फार दिवस घेतं आणि खाचांत साचलं तर चिकट खळ होऊन चौकड्या बुजवतं. त्यामुळे थोडं तेल, जुन्या टूथब्रशनं खाचा मोकळ्या करणं, वाळू देणं, पुन्हा थोडं तेल, अशा फेऱ्या. त्यात मालकाला बजावावं लागलं, की शस्त्र साफ करायचं तेल पट्टीखाली झिरपू द्यायचं नाही. खनिज तेल लाकडात मुरलं की धागा मऊ पडतो, आणि मग स्क्रू आवळला की तो लाकडातच रुततो.

आणि काळजीची खरी गोष्ट ही, की हॅकसॉच्या पात्याचं ते हत्यार काकांखेरीज कोणी हातात धरलेलं नाही. मुलगा अमरावतीला फर्निचरच्या दुकानात आहे. तिथं प्लायवूड आणि लॅमिनेट चालतं, रेघ मारायचं काम पडत नाही. नीट मुरलेला शिसमही आता मोडलेल्या फर्निचरातूनच मिळतो, तोही कोणी जाळायच्या आधी मागून घेतला तर. त्या खुराचा अर्धा तुकडा काकांकडे शिल्लक आहे. उजव्या पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात तीन हिरे उडाले आहेत. मालक म्हणतात, राहू द्या, चालतंय. काका तयार नाहीत. त्या तुकड्यातून उजवी पट्टी पुन्हा काढायची, या वेळी इंचाला सोळा रेघांची, आणि डावीही तिला जुळवून नव्यानं करायची असं त्यांनी ठरवलं आहे. कामाला दिवाळीनंतर हात लावतील, कापूस घरात आला की मालकालाही सवड होते.