तोंडांतील न दुखणारा व्रण



भिवंडी तालुक्यांतील अंजूर गांवाहून निघालेला मनुष्य ठाण्यास आगगाडी धरून त्याच दिवशीं परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत पोंचूं शकतो. असें असतां आसपासच्या मुलखांतले तोंडाच्या कर्करोगाचे पुष्कळसे रोगी तेथें फार उशिरां येतात. दोष अंतराचा नाहीं. हा रोग आरंभीं बहुधा दुखत नाहीं, आणि जें दुखत नाहीं त्याची चिंता कशाला, असें आपण समजतों.

तंबाखू, मशेरी, गुटखा यांचा संसर्ग वर्षानुवर्षें होत राहिला म्हणजे तोंडाच्या नाजूक अंतस्त्वचेंतील पेशींची घडण बिघडूं लागते. नुसती सुपारी निरुपद्रवी असते, हा समजहि चुकीचा आहे. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पुरतें न उघडणें, या धोक्याच्या खुणा होत.

व्रणाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावर निदान पक्कें होतें. मुख्य उपाय शस्त्रक्रियेचा. रोग पुढें गेला असल्यास त्यानंतर किरणोपचार, व जरूर तर औषधेंहि. उशीर झाला तर जबड्याचें हाडहि काढावें लागतें. पायाचें हाड वापरून तें घडवितां येतें, परंतु बोलणें-गिळणें नव्यानें शिकावें लागतें.

हा रोग मानेंतील लसीका-ग्रंथींत पसरतो. ग्रंथी हातास लागत नसतांहि त्या प्रथमच काढाव्यात, कीं सुजल्यावर काढाव्यात, हा शस्त्रवैद्यांचा जुना वाद होता. याच रुग्णालयानें त्याची कसोटी घेतली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, आरंभींच्या अवस्थेंतील ज्या रोग्यांच्या ग्रंथी पहिल्याच वेळीं काढल्या, त्यांत तीन वर्षें जगण्याचें प्रमाण शेंकडा ८० आढळलें. जेथें वाट पाहिली तेथें शेंकडा ६७.५. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं वाट पाहणेंहि इतकें महाग पडतें. मग घरीं हळद लावून काढलेल्या महिन्यांचें काय?

खर्चाची धास्तीहि पुष्कळांना अडविते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें हें रुग्णालय १९६२ पासून भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि गरिबांवर तेथें विनामूल्य वा अल्प खर्चांत उपचार होतात.

तोंड हें आरशापुढें, चांगल्या उजेडांत, ज्याचें त्यास तपासतां येतें. घरांतील वडीलधाऱ्यांस व कामास येणाऱ्या माणसांसहि तसें सांगावें. व्रण तीन आठवडे राहिला कीं जवळच्या सरकारी दवाखान्यांत दाखवावा. दुखूं लागण्याची वाट मात्र पाहूं नये.