‘द मेसेज’ (१९८२) : रॅप, फंक व सोल यांचा संगम आणि वऱ्हाडी रॅप

प्रस्तावना :
रॅप म्हणजे ठेक्यावर केलेले लयबद्ध व यमकबद्ध कथन होय. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी तरुणांमध्ये हिप-हॉप संस्कृती उदयास आली. ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’ या गटाचा ‘द मेसेज’ हा तिच्या आरंभकाळातील महत्त्वाचा अल्बम आहे. आज वऱ्हाडी बोलीतही रॅप रचला जात असल्याने या अल्बमचे पुनरावलोकन उपयुक्त ठरते.

अल्बमचे स्वरूप :
फंक संगीतात बास गिटार व ड्रम यांचा ठेका प्रधान असतो. सोल संगीतावर चर्चमधील भक्तिगायनाचा संस्कार असून त्यात भावपूर्ण गायकीला महत्त्व असते. प्रस्तुत अल्बममध्ये हे दोन्ही प्रवाह रॅपसोबत आढळतात. ‘इट्स नॅस्टी’ हे गीत ‘टॉम टॉम क्लब’च्या नृत्यगीतावर आधारलेले आहे, ‘यू आर’ मध्ये सोल वळणाचे गायन आहे, तर ‘ड्रीमिन’ मधून गायक स्टीव्ही वंडर यांना अभिवादन केले आहे.

शीर्षकगीताचे वेगळेपण :
तत्कालीन रॅप प्रामुख्याने नृत्य व करमणुकीसाठी होता. ड्यूक बूटी व मेली मेल यांनी शीर्षकगीतात मोडकळीस आलेली वस्ती, दारिद्र्य व तुरुंग यांचे चित्रण केले. गटाला हे गीत प्रारंभी रुचले नव्हते. निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या आग्रहामुळे ते सिद्ध झाले. ठेका संथ असल्यामुळे प्रत्येक शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचतो. करमणुकीचे माध्यम येथे सामाजिक कथनाचे माध्यम झाले.

वऱ्हाडच्या संदर्भात :
वऱ्हाडाला असे कथन अपरिचित नाही. संत गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच उत्तरे घेत व कर्ज, व्यसन, अस्पृश्यता यांवर प्रहार करीत. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध नसला तरी लोकभाषेचे सामर्थ्य दोहोंत समान आहे. वऱ्हाडीकडे अनेकदा विनोदाची बोली म्हणून पाहिले जाते. तथापि उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) कादंबरीने तिची दुःख पेलण्याची शक्ती सिद्ध केली. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर (‘१००आरबीएच’) यांनी हीच बोली रॅपमध्ये आणली.

निष्कर्ष :
‘द मेसेज’चे महत्त्व केवळ संगीतप्रकारांच्या मिश्रणात नाही, परिचित ठेक्यावर उपेक्षित वस्तीचे वास्तव तिच्याच भाषेत मांडण्यात आहे. वऱ्हाडी रॅपने केवळ ठेका स्वीकारून भागणार नाही. येथील शेती, बेकारी व स्थलांतर हे विषय बोलीतून आले, तरच तो वऱ्हाडचा आवाज ठरेल.