सूचना निघाल्या, फडावर कोण पोहोचवणार?

बीड जिल्ह्यात 'पिशवी काढली' म्हटले की कुणी दचकत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला : पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले! पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यावरूनही आमच्या मायबहिणींना टेबलावर घेतले गेले.

हे दुखणे डॉक्टरांना नवे नव्हते. डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांचे संशोधन मांडले होते. ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के.

डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध २०१३ मध्ये जनहित याचिका केली. २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत स्वीकारा, असे राज्यांना बजावले. आधी औषधोपचार, जिल्ह्याजिल्ह्यात देखरेख समिती. कागद चांगला आहे.

पण 'औषध घ्या, महिन्याने दाखवा' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे ती येणार कशी? ती तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात. डोक्यावर उचल, कोपीला ना संडास ना पाणी, खाडा पडला की मुकादम दंड कापणार. मग तीच म्हणते, काढूनच टाका. याला संमती म्हणायचे?

कारखान्यांनी फडावर फिरता दवाखाना न्यावा, आजारपणाचा खाडा माफ करावा, आणि देखरेख समितीत कोयता धरणारी बाई बसवावी, ही आमची मागणी आहे.