साचेखात्याचा हिशेब

माझी भाची लोअर परळला एका कचेरीत नोकरी करते. पूर्वी तिथे गिरणीचं आवार होतं. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, हे तिचं काम. बाराजणांचा गट, फोन किती मिनिटांत उरकला यावर गटाला गुण. ईदला घरी आली तेव्हा म्हणाली, "मामू, आमचे आकडे झकास आहेत. फक्त तोच माणूस तीनतीनदा फोन करतो." कागदावर तीन कामं झाली, तक्रार आहे तिथेच!

मंडळी, हा घोटाळा या परळ-लालबागला नवा नाही. मदनपुऱ्यातले जुने विणकर साचेखात्याच्या गोष्टी सांगत. विणकराची मजुरी विणलेल्या कापडावर. मोजायला याहून सोपं काय? पण सूत यायचं कातणाऱ्या खात्याकडून, खळ लागायची तिसऱ्याच खात्यात. कापूस हलका निघाला, खळ नीट बसली नाही किंवा हवा कोरडी पडली, की धागा तटातट तुटे. मग साचा थांबवून गाठ मारायची. तेवढा वेळ कापड नाही, म्हणजे पैसे नाहीत. वर कापडात दोष निघाला, तर ते विणकराच्याच गळ्यात मारून किंमत मजुरीतून कापण्याची रीत होती. चूक तीन खात्यांची, आकडा एकाच्या नावावर.

अशात मालकांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे द्यायला सुरुवात केली. १९२८च्या एप्रिल ते ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या संपात दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. कारणं अनेक होती, मजुरीचं तर होतंच. पण साच्यांची संख्या हे मोठं कारण. माझ्या मते भांडण मोजण्याशी नव्हतंच. साचे वाढवताना चांगल्या सुताची हमी कोण देणार, हा प्रश्न होता.

याच खात्याची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इथे मजुरी जास्त, पण दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळ आडवा येई. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांना याचा जाब विचारला. रोजचं कापड वहीत चढत होतं. दाराबाहेर कोण राहिलं, याचा रकाना वहीत नव्हता.

भाचीला म्हटलं, तुमच्या हातात काय आहे ते आधी लिही. बिल चुकीचं निघतं ते दुसऱ्या विभागात. तो आकडा त्यांच्या नावावर घाला. तुमचा आकडा एकच ठेवा: आठ दिवसांत त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन आला नाही, अशा तक्रारी शंभरात किती. आधी पंधरा दिवस नुसतं मोजा. मग तीन महिन्यांत कुठवर जायचं, ते बाराही जणांनी बसून ठरवा. मिनिटं मोजायची तर मोजा, पण गुण त्यावर नकोत.

तिने मोजलं. शंभरातले एकतीस जण पुन्हा फोन करत होते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक बिलाचेच. पुढच्या बैठकीत ती हे मांडणार आहे. साहेबांनी दहा मिनिटं दिली आहेत.