विश्लेषण : जुन्या पिकअपचे ‘फोर बाय फोर’ ऐन चिखलात दगा का देते? गॅरेजला नेण्याआधी काय तपासावे?

पावसाळा सुरू झाला की पनवेल तालुक्यातील मालडुंगे, धोदाणीसारख्या माथेरानच्या पायथ्याच्या गावांत आणि आसपासच्या वाड्यांवर डांबर संपल्यानंतरचा शेवटचा टप्पा चिखलाचा होतो. खताच्या गोण्या, पेंढा, भाजी आणि वेळ पडली तर पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचा रुग्ण, या सगळ्याची भिस्त एखाद्या जुन्या पिकअपवर असते. बोलेरो कॅम्परची फोर व्हील ड्राइव्ह आवृत्ती, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन अशा गाड्या त्यासाठीच घेतल्या जातात. मात्र वर्षभर न वापरलेले फोर बाय फोर नेमके गरजेच्या दिवशी लागत नाही. मग ‘ट्रान्सफर केस गेली’ असे निदान होते आणि मोठा खर्च समोर येतो. दोष अनेकदा त्याहून फार छोटा असतो.

फोर बाय फोर खरोखरच बंद आहे का?

गाडी रुतली म्हणजे फोर बाय फोर बिघडले, असे नाही. आधी कोणाला तरी सुरक्षित अंतरावर उभे करून कोणती चाके जागेवर फिरतात ते पाहावे. मागचे एकच चाक फिरत असेल आणि पुढची दोन्ही चाके शांत असतील, तर पुढच्या ॲक्सलला ताकद पोहोचत नाही. पण पुढचे एक आणि मागचे एक चाक फिरत असेल, तर यंत्रणा व्यवस्थित काम करते आहे. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा, की ज्या चाकाला पकड कमी ते चाक फिरत राहते आणि दुसरे उभे राहते. त्यामुळे फोर बाय फोर लावूनही तिरक्या रेषेतली दोन चाके हवेत किंवा चिखलात गेली की गाडी जागची हलत नाही. इथे मेकॅनिक नव्हे, तर फावडे, चाकाखाली दगड आणि टायरमधली थोडी कमी केलेली हवा उपयोगी पडते.

टायरकडेही पाहावे. पुढे नवे आणि मागे झिजलेले रिमोल्ड, किंवा दोन वेगळ्या मापांचे टायर असतील, तर फोर बाय फोर लावल्यावर यंत्रणेवर विनाकारण ताण येतो.

ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोहोचते कशी?

गिअरबॉक्सला लागून असलेली ट्रान्सफर केस ही ताकद वाटणारी पेटी. ‘२ एच’मध्ये ती फक्त मागच्या ॲक्सलला ताकद देते. ‘४ एच’मध्ये पुढचा प्रॉपेलर शाफ्टही जोडला जातो, तर ‘४ एल’मध्ये वेग कमी होऊन जोर वाढतो. जुन्या गाड्यांत हे काम छोटा दांडा करतो, नंतरच्या अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरचे बटण आणि खालची छोटी मोटर. शाफ्टनंतर पुढचे डिफरन्शियल आणि अनेक गाड्यांत चाकातले हब. हे हब लॉक झाले तरच चाक ॲक्सलला जोडले जाते. ते काही गाड्यांत हाताने फिरवावे लागतात, काहींत आपोआप, तर काहींत इंजिनच्या व्हॅक्यूमवर लॉक होतात. हाताने फिरवायचे हब लॉक करायलाच विसरणे, हाही एक नेहमीचा ‘बिघाड’ आहे.

दोष पेटीत की हबमध्ये?

ही तपासणी सपाट, टणक जागेवरच करावी. आधी मोकळ्या मातीत ‘४ एच’ लावून गाडी सरळ काही मीटर चालवावी, म्हणजे आपोआप लागणाऱ्या हबना लॉक होण्याची संधी मिळते. मग ‘४ एच’ तसेच ठेवून सपाट जागेवर गाडी बंद करावी, गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पुढची दोन्ही चाके उचलून ॲक्सलखाली मजबूत स्टँड द्यावेत. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. या अवस्थेत इंजिन तर अजिबात सुरू करू नये. मागची चाके जमिनीवर असल्याने गाडी स्टँडवरून उडी घेऊ शकते.

आता पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरत असेल, तर ट्रान्सफर केसने त्याला जोडलेलेच नाही. दोष पेटीत, दांड्याच्या जोडणीत किंवा मोटरमध्ये आहे. शाफ्ट घट्ट असेल, तर पेटी आपले काम करते आहे. मग एक पुढचे चाक हाताने फिरवावे. समोरचे चाक उलट दिशेने फिरले, तर दोन्ही हब लागलेले आहेत. समोरचे चाक हललेच नाही आणि हातातले चाक मोकळे फिरत राहिले, तर कुठला तरी हब लॉक होत नाही किंवा बाजूचा शाफ्ट तुटलेला आहे. व्हॅक्यूमच्या हबबाबत एक सावधगिरी : इंजिन बंद केल्यावर काही प्रकार सुटतात, त्यामुळे ते मेकॅनिककडून हातपंपाने तपासून घ्यावेत. एवढ्या माहितीवर गॅरेजमध्ये काय उघडायचे आणि काय नाही, हे निम्मे ठरून जाते.

बटण दाबले, दिवा लुकलुकतो, पुढे काय?

दिवा सतत लुकलुकत असेल, तर आदेश गेला पण जोडणी पूर्ण झालेली नाही. ‘४ एल’साठी बहुतेक गाड्यांत थांबून, क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून बटण फिरवावे लागते. तेवढ्यानेही भागले नाही, तर फ्यूज, मग रिले, मग बॅटरी. इंजिन बंद, चावी ‘ऑन’ ठेवून बटण फिरवल्यावर गाडीखाली ‘टक’ किंवा घुर्र असा आवाज येतो का, ते ऐकावे. आवाज नसेल, तर मोटरचा कनेक्टर काढून पाहावा. पावसात आणि चिखलात राहिलेल्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. गावाकडे उंदीरही वायरिंग सोडत नाहीत. व्हॅक्यूमच्या गाड्यांत रबरी नळ्या वाळून तडकतात. इंजिन चालू असताना फुसफुस ऐकू येते. नळीचा तुकडा बदलणे आणि ट्रान्सफर केस उघडणे, यांच्या खर्चात किती फरक आहे, हे वेगळे सांगायला नको.

मोटर न वापरल्यानेही जाम होते. म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून एक-दोन किलोमीटर गाडी चालवावी. आठवण रहावी म्हणून कॅलेंडरवर खूण केली तरी चालेल.

लागते, पण सुटत नाही?

हा बिघाड बहुतेकदा चालकाच्या सवयीतून येतो. कच्चा रस्ता संपून डांबर लागले, तरी ‘४ एच’ तसेच राहते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, पण या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधलेला असतो. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो जात नाही, पीळ आतच साठतो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळताना अडखळते. मग दांडा ओढूनही निघत नाही. जबरदस्ती न करता गाडी काही मीटर सरळ मागे घ्यावी, शक्य असेल तर मऊ मातीवर. पीळ उतरला की दांडा सहज येतो. हे वारंवार होऊ दिले, तर प्रॉपेलरचे क्रॉस आणि ट्रान्सफर केसमधली साखळी यांचे आयुष्य कमी होते.

पाण्यातून गेल्यावर काय?

गाढी किंवा कासाडी नदीकाठच्या पाण्यातून काढलेल्या गाडीचा दोष कधी कधी महिन्यांनी समोर येतो. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस चालताना तापतात. तापलेली पेटी थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून किंवा ब्रीदरच्या तुटलेल्या नळीतून पाणी आत ओढले जाते. ऑइल प्लग उघडल्यावर तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर गाडी आणखी न चालवता तेल बदलावे. नवे तेल भरताना मॅन्युअल पाहावे. काही ट्रान्सफर केसना गिअर ऑइल लागते, साखळीच्या अनेकांना पातळ एटीएफ. ‘दोन्ही सारखेच’ म्हणणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये. सोबत सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, ते पाहावे आणि ब्रीदरची नळी बोनेटपर्यंत उंच बांधून घ्यावी.