अली की मार्सियानो : एका तथाकथित निकालाची तपासणी

हेवीवेट मुष्टियुद्धाचे चार रसिक एकत्र जमले आणि निरनिराळ्या कालखंडांतील दोन विजेत्यांना कल्पनेत परस्परांसमोर उभे करण्याचा विषय निघाला, की वादाच्या भरात कोणीतरी हटकून म्हणतो, "अली आणि मार्सियानो यांचा प्रश्न केव्हाच सुटला आहे, संगणकानेच मार्सियानोच्या बाजूने निकाल दिला," आणि बाकीचे ते वाक्य अंतिम निवाड्याप्रमाणे शिरसावंद्य मानतात. हे विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि ते उच्चारणाऱ्यांपैकी इतक्या थोड्यांनी त्यामागील हकिकत पाहिली आहे, की त्याचा एकदा साद्यंत समाचार घेणे अगत्याचे वाटते.

१९६७ साली अमेरिकेतील मायामी येथील मरे वॉरोनर या नभोवाणी-निर्मात्याने सर्व काळांतील सोळा हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची एक काल्पनिक स्पर्धा योजिली. जाणकारांची मते आणि जुन्या लढतींचे तपशील गोळा करून, त्यांना आकड्यांचे रूप देऊन, ते एन. सी. आर. ३१५ या संगणकात भरण्यात आले; आणि यंत्रातून जे निष्पन्न झाले त्यावर रचलेली वर्णने, जणू लढत प्रत्यक्ष चालू आहे अशा आविर्भावात, श्रोत्यांना ऐकविण्यात आली. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला तेराव्या फेरीत बाद केले. येथे पहिलीच गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, ती ही की या मूळ स्पर्धेत अली आणि मार्सियानो यांची गाठच पडली नाही. १८९९ ते १९०५ या काळात विजेतेपद भूषविणाऱ्या जिम जेफ्रीजने महंमद अलीला उपांत्यपूर्व फेरीतच हरविले, असे यंत्राच्या नावावर जाहीर करण्यात आले होते. अलीने त्यावर दहा लाख डॉलरांचा अब्रुनुकसानीचा दावा गुदरला, आणि त्या दाव्याची जी तडजोड झाली तिच्यातून अली-मार्सियानो चित्रपटाचा जन्म झाला.

हा चित्रपट १९६९ साली मायामी येथे घेण्यात आला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात दाखल होण्यास नकार दिल्यामुळे ज्याचा परवाना हिरावून घेतला गेला होता असा सत्तावीस वर्षांचा अली, आणि निवृत्तीला तेरा वर्षे उलटलेला, केसांचा टोप चढविलेला, चित्रीकरणासाठी मुद्दाम वजन उतरविलेला पंचेचाळीस वर्षांचा मार्सियानो, या दोघांनी एकेक मिनिटाच्या सत्तरांहून अधिक फेऱ्या अभिनयाने साकारल्या. शेवटही एक नव्हे, अनेक चित्रित झाले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात मृत्यू पावला, आणि २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखविण्यात आला. अमेरिकेतील प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या फेरीत अलीला बाद करताना पाहिले. युरोपातील प्रेक्षकांना जो शेवट दाखविला गेला त्यात जखमांमुळे मार्सियानोला थांबविण्यात येऊन अली विजयी झाला. एकाच संगणकाच्या नावावर महासागराच्या दोन तीरांवर दोन परस्परविरुद्ध फैसले जेथे खपविले गेले, तेथे त्यांतील एकच उचलून पुराव्यादाखल पुढे करणे हा सत्याचा विपर्यास आहे, आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे याचा मला मनस्वी खेद वाटतो.

आता क्षणभर असे मानू की यंत्र सर्वस्वी प्रामाणिक होते आणि त्याच्या गणितात कसलीही ढवळाढवळ झाली नव्हती. तरीही प्रश्न उरतोच, की त्याला कोणती माहिती पुरविण्यात आली होती? १९६७ साली अलीच्या खात्यावर अवघ्या २९ लढती होत्या आणि तो अजिंक्य होता. १९७१ साली जो फ्रेझरच्या डाव्या हुकने जमिनीवर कोसळून पुन्हा उभा राहिलेला अली, १९७४ साली किन्शासा येथे दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलीत राहून आठव्या फेरीत त्यालाच बाद करणारा अली, १९७५ साली मनिला येथील उकाड्यात चौदा फेऱ्या टिकून राहिलेला अली, हे सारे त्या वेळी भविष्याच्या उदरात होते. ज्या मार सोसण्याच्या शक्तीवर मार्सियानोविरुद्धच्या लढतीचा निकाल बहुतांशी अवलंबून राहिला असता, तिची खरी परीक्षाच तोवर झालेली नव्हती. जेफ्रीजची गोष्ट तर याहून बिकट आहे. लढतीतील ठोशांची पद्धतशीर संगणकीय मोजणी करणारी कॉम्प्युबॉक्स ही व्यवस्था १९८५ साली अस्तित्वात आली. तिच्या ऐंशी वर्षे आधी निवृत्त झालेल्या योद्ध्याची गती, अचूकता आणि दम यांचे जे आकडे यंत्रात गेले, ते मोजमापातून आलेले नव्हते, अनुमानातून आलेले होते. मत आकड्यात लिहिले म्हणजे त्याचे मोजमाप होत नाही. ते मतच राहते, आणि आकड्याच्या वेषात वावरत असल्यामुळे अधिक फसवे ठरते.

नियमांचा मुद्दा तर या वादात बहुधा कोणी काढीतच नाही. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून विजेतेपद हिसकावून घेतले, ते तेराव्या फेरीतील एका उजव्या ठोशाच्या बळावर. त्या क्षणापर्यंत तो तिन्ही गुणपत्रकांवर मागे होता. १९८२ साली मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर कोरियाचा किम डुक-कू मृत्यू पावला, त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणण्यास प्रारंभ झाला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रमुख संघटनांनी हा बदल स्वीकारला. याचा अर्थ असा की आजच्या नियमांखाली १९५२ ची ती लढत वॉलकॉट गुणांवर जिंकला असता, आणि ज्याला आपण अजिंक्य मार्सियानो म्हणून ओळखतो त्याच्या कारकिर्दीत एक पराभव नोंदला गेला असता. १९४१ साली जो लुईसला जवळजवळ हरवीत आणलेला बिली कॉनही तेराव्याच फेरीत बाद झाला. तेव्हा दोन काळांतील योद्ध्यांची तुलना मांडणाऱ्याने फेऱ्या किती आणि नियम कोणत्या सालचे, हे आधी सांगितले पाहिजे. ते न सांगता दिलेल्या उत्तरास काडीचीही किंमत नाही.

या विषयातील इतर गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेतो.

गैरसमज : आजच्या महाकाय योद्ध्यांपुढे पूर्वीचे एक फेरीही टिकले नसते. वस्तुस्थिती : देहाचा लाभ खरा आहे, आणि सुमारे ८४ किलो वजनाने विजेता झालेला मार्सियानो आज ९०.७ किलोच्या मर्यादेतील क्रूझरवेट गटात मोडला असता. परंतु १९१९ साली डेम्प्सीने आपल्याहून सुमारे २६ किलो वजनदार जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, आणि २०२४ च्या मे महिन्यात ओलेक्सांद्र उसिकने सुमारे १७ किलो अधिक वजनाच्या टायसन फ्युरीला गुणांवर हरविले.

गैरसमज : ४९ लढती आणि ४९ विजय, म्हणून मार्सियानोच सर्वश्रेष्ठ. वस्तुस्थिती : आकडा निर्विवाद आहे, पण लुईस ३७ वर्षांचा आणि वॉलकॉट ३८ वर्षांचा असताना मार्सियानोने त्यांना हरविले, हेही तितकेच निर्विवाद आहे.

गैरसमज : हातमोजे मेंदूचे रक्षण करतात. वस्तुस्थिती : ते प्रामुख्याने ठोसा मारणाऱ्याच्या हाताची हाडे वाचवितात.

गैरसमज : पूर्वीच्या लढती आजच्यासारख्याच नियमबद्ध होत्या. वस्तुस्थिती : १९१९ साली डेम्प्सी पडलेल्या विलर्डच्या डोक्याशी उभा राहून तो उठताक्षणीच त्याला पुन्हा पाडू शकला, प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जाण्याची सक्ती नंतर आली.

अशा वादांना माझा विरोध नाही. त्यांच्या निमित्ताने माणूस जुने चित्रपट पाहतो, जुने वृत्तान्त वाचतो आणि खेळ अधिक जाणू लागतो, म्हणून ते अवश्य व्हावेत. विनंती एवढीच की अलीचे नाव घेताना तो १९६६ चा चपळ अली की १९७४ चा चिवट अली हे स्पष्ट करावे, लढत बारा फेऱ्यांची की पंधरा हे ठरवावे, आणि त्यानंतर जे सांगावयाचे ते आपले मत म्हणून, आपल्या जबाबदारीवर सांगावे. माझे मत विचाराल तर १९६६ चा अली पंधरा फेऱ्यांत मार्सियानोला गुणांवर हरविता. पण ते मत आहे, आणि कोणत्याही यंत्राने त्यावर आजवर शिक्कामोर्तब केलेले नाही.