आता 'झुंज' कोण वाचतं?

आमच्या पेठेतलं वाचनालय मार्चअखेर बंद झालं आणि पुस्तकं किलोवर गेली. ना. सं. इनामदारांची यशवंतराव होळकरावरची कादंबरी 'झुंज'ही त्यात गेली. 2025 साली 'छावा' पडद्यावर आला तेव्हा थिएटरं दणाणली. तिकडे असीरगडाच्या आसपास लोक सिनेमा पाहून रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांच्या मोहरांसाठी शेतं उकरत बसले. शिवाजी सावंतांची 1979ची मूळ 'छावा' कादंबरी त्यांतल्या किती जणांनी उघडली होती, ते विचारू नये.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचं साठचं दशक मी सोडून देतो. 'स्वामी' 1962ची, 'झुंज' 1966ची, पण तेव्हा आम्ही 'चांदोबा'त रमलेलो. नव्वदनंतरचंही सांगण्यासारखं काही नाही; घरोघरी केबल आली, विषय संपला. खरी मजा आणीबाणी उठल्यानंतरच्या दहा वर्षांतली. 'झुंज'साठी वाचनालयात नंबर लागायचे. आमच्या प्रतीला खाकी पुठ्ठा होता, पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा, आणि दुसऱ्या बाजीरावाचं नाव येईल तिथे समासात कुणीतरी पेन्सिलीने 'पळपुटा!' लिहून ठेवलेलं. खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर : 'आणि विठोजीचं काय?'

या दोन शेऱ्यांत आमचं सगळं भांडण आलं. 1801 साली पेशवा बाजीरावाने यशवंतरावाच्या भावाला, विठोजी होळकराला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत यशवंतरावाने हडपसरला पेशवे आणि शिंद्यांची फौज मोडली, मग पुण्याकडून सक्तीने पैसा उकळला. बाजीराव पळाला तो थेट वसईला, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांच्या तहावर सही करून मोकळा झाला. पुण्याला पिळणारा माणूस पुणेकर वाचकाने नायक म्हणून पत्करायचा, हे सोपं नव्हतं. आमच्या घरी यावरून जेवणं थंड व्हायची.

त्याहून बोचणारं पुढे आहे. 1803 साली असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा यशवंतराव बाजूला राहिला. त्यांनी तह केले, आणि मग 1804मध्ये हा एकटा उभा ठाकला. उभा मात्र असा ठाकला, की इंग्रजांचा कर्नल मॉन्सन मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत भर पावसात मागे हटत गेला, चिखलात रुतलेल्या तोफा टाकून. त्याला साथ देणाऱ्या भरतपूरच्या जाटांच्या किल्ल्यावर लॉर्ड लेकचे चार हल्ले फसले. पण शेवटी जाटांनीही तह केला, पंजाबात रणजितसिंहाकडून मदत मिळाली नाही, आणि डिसेंबर 1805मध्ये बियासकाठी यशवंतरावालाही सही करावीच लागली. आपण का हरलो, हे शाळेच्या पुस्तकाने चार ओळींत उरकलं होतं. आम्हाला ते या जाडजूड कादंबरीमुळे कळलं.

त्याच काळात आमचे विद्वान मित्र ऐतिहासिक कादंबरी म्हणजे 'फेटे-तलवारींचं दुकान' म्हणून नाकं मुरडायचे. (1997 साली अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद इनामदारांना मिळालं, तेव्हा हीच मंडळी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होती.) दुकानं होती, नाही कशाला म्हणू? शालजोड्या आणि पैठण्यांची वर्णनं चार-चार पानं चालायची. पण इनामदारांनी त्र्यंबकजी डेंगळे निवडला, यशवंतराव निवडला, खुद्द दुसरा बाजीराव निवडला. इतिहासाने ज्यांना नावं ठेवली, तीच माणसं त्यांनी उचलली. आज अशी निवड करायला धाडस लागेल. नायक धुतल्या तांदळासारखा हवा; जरा डाग दिसला की भावना दुखावतात आणि वकिलाची नोटीस येते.

1811मध्ये भानपुऱ्यात यशवंतराव गेला. इंग्रजांशी पुन्हा लढायचं म्हणून तिथे तोफा ओतवून घेत होता. सिनेमावाल्यांना हा शेवट परवडणार नाही. तुमच्या माळ्यावर 'झुंज' असेल तर रद्दीत घालण्याआधी घरातल्या पोरांच्या हातात द्या, आणि नायक चांगला की वाईट ते आधीच सांगून टाकू नका.